पातेल्यात पाणी किती?

(मोखाडा तालुक्यातल्या बायांच्या शिबिरात अंगणवाडीच्या आहारावर झालेलं बोलणं. बोललं तसंच ठेवलं आहे, आकडे तेवढे नीट तपासून घेतले आहेत.)



ही दोन पातेली बघा. दोन्हीत नागलीचं पीठ सारखंच आहे. डाव्या पातेल्यात पीठ, मीठ आणि पाणी. उजव्यात पीठ, भाजून भरडलेला उडीद, गूळ आणि खुरासणीचं तेल. डावीकडची पळी वाकडी केली की पेज ओघळून जाते. उजवीकडची गोळ्यागोळ्यानं पडते. मला आज बोलायचं ते एवढंच आहे, पण त्याचा हिशेब सांगायला वेळ लागेल. दादांनो, तुम्ही पण ऐका, उडीद पेरायचा की नाय ते घरात तुम्हीच ठरवता.

आधी माझं सांगते. मी सहा वर्षं अंगणवाडी चालवली. पाड्यावर एक दोन वर्षांची पोरगी होती, रोज यायची. माझ्या रजिस्टरात तिच्या नावापुढं एक दिवस कोरा नाय. तरी वजन घसरत गेलं, दुसऱ्या श्रेणीतनं तिसऱ्या श्रेणीत. मी तिच्या आईलाच बोलले, घरी लक्ष देत नाहीस म्हणून. एक दिवस ती लवकर आली, माझ्या पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "ताई, असं पाणी तर आम्ही घरी पण करतो." मला राग आला. पण तिचं खरं होतं. शिधा यायचा चाळीस पोरांचा, आणि पंगतीला बसायची पंचावन्न, कारण लहान्याला कडेवर घेऊन येणारी मोठी बहीण पण उपाशीच असते. तिला हाकलणार कशी? मग मी पाणी वाढवायची. पंचावन्न वाट्या भरल्या की मला वाटायचं, झालं काम. भादव्यात त्या पोरीला जुलाब लागले आणि दोन दिवसांत गेली. कागदावर जुलाब लिहिलं. ते खोटं नाय. पण पोटात काही असतं तर ती दोन दिवसांच्या जुलाबानं गेली नसती, हे मला माहीत आहे, तिच्या आईला पण माहीत आहे.

१९९२ ला जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं गेली तेव्हा पेपरात सगळीकडं आलं. ही एक पोरगी कुठल्या पेपरात आली नाय.

आता हिशेब. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, मग वाढत इथवर आली. तिचा नियम २००९ पर्यंत असा होता: सहा वर्षांच्या आतल्या पोराला दिवसाला ३०० कॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिनं, वर्षातले ३०० दिवस. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या पोराला दुप्पट. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ५०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. हे घरच्या जेवणाच्या वर, घरच्या जेवणाऐवजी नाय. कॅलरी म्हणजे अंगात जळणारं सरपण. प्रथिनं म्हणजे अंग बांधायची माती.

३०० कॅलरी म्हणजे ताटात काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं धान्या-भाज्यांचे तक्ते छापलेत, त्यावरनं मी बसून काढलं. एका पोराला नागली ४० ग्रॅम, उडदाची डाळ २५ ग्रॅम, गूळ १० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. झाल्या ३०० कॅलरी आणि जवळपास ९ ग्रॅम प्रथिनं. चाळीस पोरांना नागली १ किलो ६०० ग्रॅम, डाळ १ किलो, गूळ ४०० ग्रॅम, तेल २०० ग्रॅम. डाळ काढून टाकली तर प्रथिनं तीनावर येतात. म्हणून कोणी म्हणालं "नागली दिली की झालं", तर त्याला हा आकडा सांगा.

दुसऱ्या दिवशी खिचडी: तांदूळ ४०, तूरडाळ २०, शेंगदाणे १०, तेल ५. तिचा पण हिशेब तेवढाच बसतो. शेंगदाणे कुटूनच घाला, अख्खा दाणा लहान्याच्या घशात अडकतो.

तांदूळ आणि नागली, दोघांची कॅलरी जवळजवळ सारखी. पण १०० ग्रॅम नागलीत ३४४ मिलिग्रॅम चुना आहे, हाडांना लागतो तो, आणि सडलेल्या तांदळात १०. तरी पाव्हणा आला की आपण नागलीची भाकर लपवतो आणि भात वाढतो. असू दे, तो आजचा विषय नाय.

आता पातळ-घट्टचं. दीड वर्षाच्या पोराच्या पोटात एका वेळी दीड वाटी मावते. तेवढ्यात ३०० कॅलरी बसवायच्या तर पेज घट्ट पाहिजे, आणि घट्ट पेज पोर गिळत नाय. याला आपल्या म्हाताऱ्यांची युक्ती आहे. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवून, हलकी भाजून दळायची. मोडाच्या पिठाची पेज घट्ट होत नाय, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ जातं. वर चमचाभर तेल. आणि एकदा नाय, दोनदा खाऊ घालायचं.

अंगणवाडीत काटा नसतो म्हणून सगळं अंदाजानं चालतं. त्याला सोपा उपाय आहे. रेशनच्या काट्यावर एकदाच १ किलो डाळ तोला, डब्यात ओता, आणि जिथवर आली तिथं खिळ्यानं खूण करा. नागलीची दुसऱ्या डब्यावर. मग रोज खुणेपर्यंत भरायचं. बघणाऱ्या बाईला वाचता आलं नाय तरी खूण दिसते.

पण मेनू म्हणजे सोमवारी हे आणि मंगळवारी ते, एवढंच नाय. आपलं वर्ष वारांवर चालत नाय. पहिल्या पावसात टाकळा येतो, कुर्डू येते, मग करटोली. तेव्हा रोज मूठभर पाला पातेल्यात पडला पाहिजे, आणि तेलाबरोबर, नायतर डोळ्यांना लागणारं त्यातलं सत्त्व अंगी नीट लागत नाय. शेवग्याचा पाला आता सावलीत वाळवून ठेवा, उन्हाळ्यात कामाला येतो. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलेलं असतं आणि आई आवणीला. त्याच महिन्यात पोरांना जास्त पाहिजे, आणि त्याच महिन्यात अंगणवाडीत पोरं कमी, कारण आणणार कोण? म्हणून आवणीच्या दिवसांत दुपारचं खाणं बांधावर नेलं पाहिजे. मागच्या पावसात दोन पाड्यांनी केलं. एक म्हातारी पातेलं घेऊन जायची, तिला प्रत्येक घरानं शेरभर नागली दिली. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. तिथल्या पोरांचं काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाय. आपण मागणी केली आहे की जिथं पोर तिथं शिधा.

काही जणी म्हणतात, पुडीतला तयार खाऊ बरा, शिजवायचा त्रास नाय. १९७२ च्या दुष्काळात सुकडीनं पोरं जगवली, मी तिला नावं ठेवणार नाय. पण बंद पुडी घरी गेली की ती पाच जणांत वाटली जाते, आणि तसं करणारी आई चुकत नाय. शिवाय पुडीत काय आहे ते तुम्ही विचारू शकत नाय. पातेल्यात डोकावता येतं.

आता पोटुशी बाई. आपल्यात म्हणतात, जास्त खाल्लं की पोर मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. अडतं ते बहुतेक लहानपणी उपाशी राहून कंबर बारीक राहिलेल्या बाईचं. तिला अंगणवाडीतच बसवून वाढा, घरी ती शेवटी जेवते. तांदूळ ८०, डाळ ४०, शेंगदाणे १५, म्हणजे ५०० ला टेकलं. पण प्रथिनं १८ वरच राहतात. वर सुकटीची मूठ किंवा एक अंडं पाहिजे, अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. अंडी बाजारला जातात, मीठ-तेल आणायला, हे मला माहीत आहे. आठवड्यातली दोन ठेवा.

आणि ही नागली, उडीद, खुरासणी येते कुठनं? वरकसावरनं, दळीवरनं. फॉरेस्टवाले उभ्या नागलीत गुरं सोडतात तेव्हा पंचनाम्यात "अतिक्रमण काढले" लिहितात. पुढच्या वेळी तक्रार लिहाल तेव्हा किती मण नागली गेली ते लिहा, आणि ती किती पोरांची किती दिवसांची होती, तो भागाकार मी आत्ता शिकवलाय.

बास. डाव्या पातेल्यातलं कोंबड्यांना टाका. उजव्यातलं वाटीवाटी काढा. आधी कडेवरच्यांना, मग त्यांना घेऊन आलेल्या बहिणींना. आज पंचावन्नाचंच शिजवलंय.