दाराला चिकटवलेली नोटीस



धारूरच्या बाजारपेठेत कुणाचं दिवाळं निघालं, तर ते कोर्टाच्या आधी गल्लीला कळतं. नादारीचा अर्ज घेऊन न्यायालयाची पायरी चढणारा माणूस आपल्याकडे विरळाच. २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली खरी, पण व्यक्तींसाठीच्या तिच्या तरतुदी लागू झाल्या त्या कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरत्या. आपल्या दुकानदाराला, शेतकऱ्याला, ऊसतोड कामगाराला कर्जातून सुटायच्या वाटा व्यवहारात दोनच: सरकारची कर्जमाफी, नाहीतर बँकेशी एकरकमी तडजोड.

पण एका कर्जातून सुटलं म्हणजे घर वाचलं, असं होत नाही. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ झालं. घर गहाण टाकून काढलेलं कर्ज त्यात नव्हतं. सातबारा मोकळा झाला, घरावरचा बोजा राहिला. अमेरिकेतही हेच घडतं. दिवाळखोरीत न्यायालय माणसाला देण्यातून मुक्त करतं, तरी घर ज्याच्याकडे तारण आहे त्याचा घरावरचा हक्क शाबूत राहतो. मग माणूस कर्जमुक्त असतो आणि त्याच घरात जप्तीची वाट बघत बसलेला असतो.

बँका आणि गृहकर्ज कंपन्या २००२ च्या ज्या कायद्याने ही वसुली करतात, त्याला सरफेसी म्हणतात. शेतजमिनीला या कायद्याने हात लावता येत नाही. घराला येतो, आणि त्यासाठी आधी दिवाणी दावा जिंकावा लागत नाही. पहिली नोटीस साठ दिवसांची. त्यात हरकत लेखी कळवली, तर पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणं धनकोला बंधनकारक आहे. पतसंस्थेची वाट वेगळी आहे. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि मग जप्तीला येते.

आता हे साठ दिवस धारूर तालुक्यात कसे जातात ते बघा. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, घराला कुलूप, किंवा आत एखादी म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. नोटीस नेमकी याच दिवसांत आली तर? घेणारा टाळतोय असं ठरलं की ती दाराला चिकटवून आणि वर्तमानपत्रांत छापून बजावता येते. माणसं दुसऱ्या जिल्ह्यात फडात उभी, आणि इकडे मुदत सरत असते. मला हे अन्यायाचं वाटतं. ऊसतोड कामगाराला कर्ज देताना त्याचा हंगाम माहीत असतो, मग वसुलीच्या वेळी तो कसा विसरला जातो? ज्या तालुक्यातून एवढी माणसं दरवर्षी स्थलांतर करतात, तिथे हंगामात धनकोने कामगाराच्या फोनवर आणि कारखान्याच्या पत्त्यावर कळवल्याशिवाय मुदत सुरूच होऊ नये, अशी माझी मागणी आहे.

तोवर आपण एक करू शकतो. निघण्याआधी हंगामातला पत्ता आणि फोन नंबर बँकेला लेखी द्या, पोच घ्या. पुढे नोटीस पोहोचलीच नाही, हे सांगायची वेळ आली तर तो कागद उपयोगी पडतो.

नोटिशीनंतरचे महिने फार वाईट असतात. कुणी गळक्या पत्र्याला हात लावत नाही, दिवाळीला घराला चुना लावत नाही. मुलीला स्थळ आलं की घराचा विषय निघेल म्हणून बोलणं टाळलं जातं. काही जण तर रातोरात सामान हलवतात. हे कृपा करून करू नका. दारावर ताब्याचा कागद लागला म्हणजे त्याच दिवशी बाहेर पडायचं, असं नाही. मिळालेल्या वेळात बरंच करता येतं. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी सगळं देणं आणि खर्च भरला, तर विक्री थांबते. आणि लिलाव झालाच, तर देणं आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम आपली असते. ती मागायला कुणी जातच नाही असं होऊ देऊ नका. बोली कमी आली, तर उरलेलं कर्ज मात्र मागे लागू शकतं. म्हणून लिलावाची राखीव किंमत काय ठरली, याकडे लक्ष ठेवा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. कर्जात नाव असेल तर बाईनेही या मदतीसाठी स्वतः अर्ज करावा. तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या नंबरावर फोन लावा. जाताना नोटीस पाकिटासकट न्या. ती कधी टाकली आणि कधी पोहोचली, हे पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यांवरून दाखवता येतं.