थकबाकी आणि वजावट

दिल्लीच्या टेकडीवर बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा वाडा होता; तेथे आज महापालिकेचे रुग्णालय आहे. श्रोतेहो, अशा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला मिळाला, की थकलेले निवृत्तिवेतन एकरकमी हाती येईल, अशी आशा माणूस बाळगतो. तोच निवृत्तिवेतनाची कचेरी कळविते : पूर्वी चुकून अधिक दिले होते, ते यातून वळते केले आहे. चूक कचेरीची, उपास मात्र त्याचा!

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफिक मसीह खटल्यात निवृत्तांकडून व खालच्या वर्गांतील कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असे ठरविले. पुढे २०१६ च्या जगदेवसिंग निकालात एक मेख निघाली : जादा रक्कम परत करण्याची हमी आधीच लिहून दिली असेल, तर निवृत्तालाही ते संरक्षण नाही. वेतननिश्चितीच्या वेळी पुढे सरकविलेले ते हमीपत्र वाचून सही करणारे कितीसे असतील?