विलायतेतील विद्यार्थी : विठ्ठल रामजी शिंदे यांची दोन वर्षे
(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा लिखित पाठ)



शंभर वर्षे वाचकांची सेवा करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय निवडताना मी या सप्तापूर परिसराचाच विचार केला. एका बाजूस कर्नाटक कॉलेज, पलीकडे विद्यापीठ, गल्लोगल्ली वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग; हे विद्यार्थ्यांचेच गाव आहे. येथून शिकून बाहेर पडलेली अनेक मुले आज परदेशांत आहेत. म्हणून परदेशी शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याविषयीच बोलावे असे मनाशी ठरविले. हा विद्यार्थी आपल्याच मुलखातला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीस झाला. त्या काळी ते पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. घरात वारकरी संस्कार आणि गावात कानडी, अशा वातावरणात हा मुलगा वाढला.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून शिंदे १८९८ मध्ये बी. ए. झाले. त्यांचे शिक्षण शिष्यवृत्त्यांच्या आधारावर झाले आणि बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड हे त्यांचे एक आश्रयदाते होते. कायद्याचा अभ्यास सुरू असतानाच त्यांचे मन प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले आणि वकिली मागे पडली. इंग्लंडमधील युनिटेरियन मंडळींनी ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांतील तरुणांस ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माध्ययन करता यावे म्हणून शिष्यवृत्ती ठेवली होती. ती शिंद्यांस मिळाली. प्रवासखर्चाचा प्रश्न उरला, तो पुन्हा सयाजीरावांनी सोडविला. सप्टेंबर १९०१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कुटुंब मागे ठेवून ते मुंबईहून बोटीत बसले.

या कॉलेजाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १७८६ मध्ये मँचेस्टर शहरात त्याची स्थापना झाली, अनेक ठिकाणी स्थलांतर करीत १८८९ मध्ये ते ऑक्सफर्डला आले. विद्यापीठाच्या पंखाखाली ते तेव्हा नव्हते. शिकविणाऱ्याने वा शिकणाऱ्याने अमुक एक मत मान्य केलेच पाहिजे अशी अट तेथे नव्हती. सत्य, स्वातंत्र्य आणि धर्म या तिन्हींना ते वाहिलेले होते. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखा पाली भाषेचा आणि तौलनिक धर्मशास्त्राचा जाणकार तेथे गुरू म्हणून लाभणे, हे शिंद्यांचे मोठे भाग्य. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेला हा तरुण ख्रिस्ती कॉलेजात बसून बुद्धाचा धर्म अभ्यासू लागला.

ऑक्सफर्डचे वर्ष तीन सत्रांचे, आणि प्रत्येक सत्र अवघे आठ आठवड्यांचे. म्हणजे निम्म्याहून अधिक वर्ष सुट्टीचे! या सुट्ट्या शिंद्यांनी हिंडण्यात घालविल्या. बोटीवरचे जीवन, मार्सेय, पॅरिस, इंग्रज कुटुंबांतील राहणी, कॉलेजचा दिनक्रम, डोंगर आणि सरोवरे, असे जे जे पाहिले त्याविषयी त्यांनी मुंबईच्या ‘सुबोधपत्रिके’साठी पत्रे लिहिली. शिवाय स्वतःसाठी रोजनिशी ठेवली. या लेखनात निसर्गाने हरखून जाणारे कविमन आहे, आणि प्रत्येक दृश्यापाशी थांबून आपल्या देशाची आठवण काढणारा चिकित्सकही आहे. इंग्रजांचे जे चांगले वाटले ते त्यांनी मोकळेपणाने चांगले म्हटले. मात्र डोळे दिपून गेल्याची खूण कोठेही आढळत नाही.

त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे दर्शन घडले ते राजवाडे आणि संग्रहालये यांच्या बाहेर. युनिटेरियन पंथीयांनी लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर अशा शहरांतील दरिद्री वस्त्यांत ‘डोमेस्टिक मिशन’ नावाच्या संस्था चालविल्या होत्या. शिंद्यांनी त्यांचे काम आस्थेने पाहिले. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या दारिद्र्याची जी प्रचंड पाहणी केली, तिची सतरा खंडांची आवृत्ती शिंदे तेथे असतानाच, १९०२-०३ मध्ये, प्रसिद्ध होत होती. लंडनमधील शेकडा तीस माणसे दारिद्र्यात राहतात, हा बूथ यांचा निष्कर्ष. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याच्या राजधानीची ही स्थिती! परंतु त्या वस्त्यांत जाऊन राहणारी, मुलांना शिकविणारी, आजाऱ्यांची विचारपूस करणारी सुशिक्षित माणसेही शिंद्यांना तेथेच भेटली. धर्म पुस्तकात शिकायचा आणि वस्तीत आचरायचा, हा धडा त्यांनी मनात साठविला. आपल्याकडे गावकुसाबाहेर कोट्यवधी माणसे आहेत आणि त्यांच्या दारी जाणारे असे मंडळ नाही, हा विचार मग त्यांना स्वस्थ बसू देईना.

सप्टेंबर १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे शिंद्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि ऑक्टोबरमध्ये ते मुंबईस परतले. प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले, आणि तीन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, परळ येथे अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडून ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची मुहूर्तमेढ रोवली. अध्यक्ष होते सर नारायणराव चंदावरकर, तेही मूळचे आपल्या उत्तर कानडातले. या मिशनची एक शाखा आपल्या हुबळीसही होती, हे येथे मुद्दाम नमूद करतो. मिशनची सूत्रे अस्पृश्येतरांच्या हाती का, हा प्रश्न पुढे अस्पृश्य समाजातून रास्तपणे विचारला गेला, आणि शिंदे स्वतः कारभारातून बाजूला झाले. ऑक्सफर्डचा अभ्यास मात्र सुटला नाही. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या ग्रंथात पाली वाङ्मयाचे ज्ञान आणि ब्रह्मदेशातील प्रवासाचे निरीक्षण या दोहोंचा उपयोग त्यांनी केला आहे.

परक्याच्या पैशाने शिकणाऱ्याने ते ऋण कसे फेडावे, हा प्रश्न शिंद्यांच्या चरित्रात सतत डोकावतो. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्याकडून बडोदे संस्थानाच्या सेवेचा करार लिहून घेतलेला होता. पण ते परत आले तेव्हा त्याच बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळेना. विद्या घेऊन परतणाऱ्याला देश कसा वागवितो, याचाही हिशेब आपण मांडला पाहिजे. सगळे ऋण विद्यार्थ्याच्याच नावावर लिहून चालणार नाही.

आपल्या धारवाडशी निगडित असलेले आणखी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. सवणूरचे विनायक कृष्ण गोकाक पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या साह्याने १९३६ मध्ये ऑक्सफर्डला गेले. त्या सागरप्रवासातून कानडीला समुद्रगीते मिळाली आणि प्रवासवर्णनही मिळाले. ज्यांच्या घरची भाषा मराठी, त्या बेंद्र्यांचे हे शिष्य. शिंद्यांनी कानडी आणि मराठी यांच्या परस्परसंबंधांवर मोठ्या आस्थेने लिहिले. सीमेवरच्या माणसाला दोन भाषांत राहण्याची सवय असते. कदाचित म्हणूनच तिसऱ्या मुलखात तो फारसा बावरत नाही.

आज परदेशी असलेल्या मुलाचा चेहरा आईवडिलांना रोज पडद्यावर दिसतो. जेवलास का, थंडी किती, परीक्षा कधी, इतके बोलणे होते आणि दिवस संपतो. त्याने तेथे काय पाहिले, कशाने तो अस्वस्थ झाला, तेथील गरीब माणूस कसा राहतो, हे मात्र घरालाही कळत नाही, मग गावाला कोठून कळणार? शिंद्यांच्या पत्रांमुळे बोटीचे भाडे ज्यांना स्वप्नातही परवडले नसते, अशा वाचकांनी विलायत पाहिली. आपल्या मुलांना मी एवढेच सांगेन, की महिन्यातून एक दीर्घ पत्र मराठीत लिहा. आणि ग्रंथालयाच्या चालकांना विनंती करतो, की अशी पत्रे मागवा, त्यांची एक वही करा आणि ती वाचनकक्षाच्या मेजावर ठेवा. नवे कपाट घेण्याइतकाही खर्च त्यास येणार नाही.

ज्यांना या विषयात अधिक रस वाटेल त्यांनी शिंद्यांचे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र वाचावे, आणि प्रा. गो. मा. पवार यांनी लिहिलेले, २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले त्यांचे चरित्रही वाचावे. दोन्ही ग्रंथ सभासदांच्या हाती वारंवार जावोत, ही सदिच्छा व्यक्त करतो. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा देऊन आपली रजा घेतो.