सायकलचे मागचे चाक

पंक्चर काढण्यासाठी सायकलचे मागचे चाक सोडविणे व पुन्हा बसविणे ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिच्यावर भाषण कशाला, असे कोणासही वाटावे. परंतु चढावर ऐन वेळी साखळी उतरणे, टायर चौकटीला घासणे, ब्रेक एकाच बाजूस लागणे, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या बसविण्यातच असते.

इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले यांनी १८८५ साली ‘रोव्हर’ ही सायकल पुढे आणली. तीत पेडलचा जोर साखळीच्या द्वारे मागच्या चाकास पोहोचत असे, आणि आपली साधी काळी सायकल त्याच घराण्यातील होय. साखळी आली की तिचा ताण कमीजास्त करण्याची सोय हवी. म्हणून अशा सायकलीच्या चौकटीत आस बसण्याच्या खाचा मागच्या बाजूस उघड्या ठेवतात व आस त्यांत मागेपुढे सरकते. मात्र जे सरकविता येते ते आपण होऊनही सरकू शकते, हे विसरून चालावयाचे नाही.

आता चाक बसवावे कसे? प्रथम खाचांतील चिखल व गंज पुसून काढावा. साखळी फ्रीव्हीलवर चढवून आस दोन्ही खाचांत सरकवावी. मडगार्डच्या व कॅरिअरच्या पट्ट्या चौकटीच्या बाहेरून, त्यांच्यावर वॉशर आणि शेवटी नट, असा क्रम ठेवावा. वॉशर गाळला तर नट फिरताना पट्टीलाही ओढून नेतो.

नंतर चाक मागे ओढून साखळी ताणावी. दोन चक्रांच्या मधोमध ती बोटाने वरखाली सुमारे अर्धा इंच हलली पाहिजे. पुढचे दात्यांचे चक्र क्वचितच अगदी गोल असते. यास्तव पेडल सावकाश फिरवून, साखळी जेथे सर्वांत घट्ट वाटेल तेथे हे माप घ्यावे. फार ताणलेली साखळी गोळ्यांवर व दात्यांवर भार टाकते, तर फार सैल साखळी उतरते.

आता उजवा नट थोडा आवळावा. पेडलच्या मागे टायर ज्या दोन नळ्यांमधून जातो, तेथे दोन्ही बाजूंचे अंतर सारखे करून डावा नट आवळावा. चाक मध्यावर आणताना साखळीचा ताण बदलतो. म्हणून तो पुन्हा पाहावा. असे दोन-तीनदा करून मग दोन्ही नट आळीपाळीने घट्ट करावेत. चाक फिरविताना रिम डावीउजवीकडे डुलत असेल, तर तो दोष बसविण्याचा नव्हे. चाकाला ‘आऊट’ आहे, व तो तारा आवळून काढावा लागतो.

उजव्या नटाकडे विशेष लक्ष द्यावयाचे कारण असे, की साखळी उजव्या बाजूस असते. स्वार जोर लावतो तेव्हा आसेचे उजवे टोक पुढे ओढले जाते आणि टायर डाव्या नळीला जाऊन घासतो. टायर वारंवार डावीकडेच घासत असेल, तर प्रथम या नटाचा संशय घ्यावा.

साखळी जुनी झाली की लांबते. नव्या साखळीची २४ जोडांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती सव्वाबारा इंचांकडे निघाली, नव्हे, नुसती १२ इंच व एक अष्टमांश झाली, तरी साखळी बदलावी. चाक मागे ओढीत राहिल्याने केवळ सैलपणा झाकला जातो. झीज मात्र दात्यांना खात राहते.

शेवटी चाक उचलून फिरवावे, दोन्ही ब्रेक-रबरांचे रिमपासूनचे अंतर पाहावे, ब्रेक दाबून पाहावा, व चार दिवसांनी नटांना पुन्हा पाना लावावा. दुकानात चाक बसवून घेतले तरी पैसे देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. त्यात कारागिरावर अविश्वास नाही. जाणता कारागीर ते स्वतःच करून दाखवितो. कॅरिअरवर बसून शाळेस निघालेले मूल नट पाहत नाही. ते आपण पाहिले आहेत, अशा विश्वासाने ते मागे बसलेले असते.