कागदाला प्रश्न विचारायला शिकवू या

कळंब तालुक्यातल्या एखाद्या जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडा आणि जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली आणत जा. एक जून, एक जून, मध्येच एखादी वेगळी तारीख, की पुन्हा एक जून. मांजरेकाठची एवढी लेकरं एकाच दिवशी जन्मली नव्हती. घरी तारीख लिहून ठेवायची पद्धत नव्हती. बाप पोराला शाळेत आणायचा, गुरुजी त्याला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की नाव दाखल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय तर बसवायला हवं, म्हणून तारीख एक जून.

नववी-दहावीच्या मुलांना इतिहासाची साधनं शिकवायची असतील, तर माझ्या मते सुरुवात इथून करावी. नववीच्या पुस्तकात पहिलाच पाठ साधनांचा आहे. दहावीच्या पुस्तकात तर इतिहासलेखनाची परंपरा आहे, व्हॉल्तेअर, रांके, मार्क्स सगळे आहेत. पण वर्गात त्याचं होतं काय? रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. रांकेचं नाव पाठ होतं. मूळ कागदपत्रं तपासल्याशिवाय लिहू नका, हा त्याचा आग्रह मात्र तसाच राहतो, कारण मुलाच्या हातात आपण एकही मूळ कागद दिलेला नसतो.

रजिस्टरमधल्या एका पानाची नक्कल काढा. नाव आणि जात झाकून ठेवा, कारण ती माणसं किंवा त्यांची मुलं-नातवंडं गावातच आहेत. मग मुलांना विचारा, या ओळीतलं पक्कं काय आणि कच्चं काय? प्रवेशाचा दिवस गुरुजींच्या डोळ्यांसमोर घडला, तो पक्का. गावाचं नाव बापानं सांगितलं, तेही बहुधा बरोबर. जन्मतारीख गुरुजींनी बसवली, तो अंदाज. शाळा सोडण्याचं कारण लिहिलंय ‘सतत गैरहजर’, पण का गैरहजर, ते लिहायला तिथं जागाच नव्हती. एकच कागद, एकाच हातानं लिहिलेला, तरी प्रत्येक रकान्यावर सारखा भरवसा ठेवता येत नाही. हे मुलाला एकदा दिसलं, की पुढं ताम्रपट असो नाहीतर मोबाइलवर आलेला मजकूर, तो आधी विचारतो: हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं?

आता खरं जन्मवर्ष शोधायचं, तर आजीकडं जावं लागतं. आजी सन सांगत नाही. ‘पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी रांगत होते,’ म्हणते. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुझा बाप पोटात होता,’ म्हणते. पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची लष्करी कारवाई, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, हे ठाऊक असलं की मुलगी हिशेब करून आजीचं वय काढते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, त्यावरून मधल्या पिढीचं साल निघतं.

त्या १९४८ बद्दल दोन घरांत विचारलं, तर दोन आठवणी निघतील. एका घरी रझाकारांचा जुलूम सांगतील. दुसऱ्या घरी कारवाईनंतरच्या दिवसांची दहशत सांगतील, आणि ती खालच्या आवाजात सांगतील. नेहरूंच्या सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळानं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याचंही नाव नोंदवलं होतं. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. शिक्षकानं दोन्ही आठवणींसाठी वही उघडी ठेवावी. एक आठवण लिहून घेणं आणि दुसरी टाळणं, हे मुलांना शिकवायचं नसतं.

घरात निजाम काळातला उर्दू किंवा मोडी कागद सापडला, तर त्यावर सन दिसेल १३५०. मुलगा म्हणेल, हा तर बहामनी काळातला! तो फसली सन आहे. त्यात साधारण ५९० मिळवा, म्हणजे १९४०-४१ येईल. कालगणना कुठली, हे आधी विचारायची सवय अशा एका कागदानं लागते.

घरातल्या कागदांपलीकडं जायचं, तर तेर आपल्या शेजारीच आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, ‘तगर’ नावाचं शहर येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचला जायचा, असं त्यात आहे. हे तगर कुठलं? कोणी देवगिरी म्हटलं, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ मध्ये फ्लीट यांनी ते तेरच, असं मांडलं. मुलांना नकाशा द्या. तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. मग लिहिणारा इथं आला होता का? पुस्तकात बंदरांची माहिती बारीक आहे, आतल्या मुलखाची मोघम, म्हणजे तगराचं त्यानं बहुधा ऐकून लिहिलं असावं. मग तेरची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, काय सांगते? ते पाहायला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेरच्या वस्तुसंग्रहालयात मुलांना न्या. तिथं सहलीसारखी धावपळ नको. एका मुलाला एकच वस्तू द्या, ती त्यानं तासभर पाहावी, काढावी, आणि तिच्याबद्दल पाच प्रश्न लिहावेत. उत्तरं नंतर.

अभ्यासक्रम संपत नाही, अशी तक्रार शिक्षक करतील, आणि ती खरी आहे. इतिहास-राज्यशास्त्राची लेखी परीक्षा चाळीस गुणांची, तीत असल्या तपासाला जागा नाही. तरी महिन्यातून एक तास द्यावा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा मराठवाड्यात जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना गावोगाव शोधावं लागलं. ते वाचणारे पुढच्या पिढीत हवेत, तर त्यांची तयारी आजच्या नववी-दहावीतच व्हायला हवी.

मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की जुनी रजिस्टरं वाळवी लागण्याआधी कपाटातून बाहेर काढा, त्यांचे फोटो घेऊन ठेवा. आणि पालकांनो, घरातल्या पेटीत एखादा न वाचता येणारा कागद असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत घालू नका. मुलाच्या हाती देऊन शाळेत पाठवा.