नव्या भाताचे कणीस



नवाखाई म्हणजे काय, हे रायपूरकरांना सांगावयास नको. नवे धान्य आधी देवाला, मग घराला. कोकणपट्टीतील कॅथलिक खेड्यांतही हाच नेम आढळतो. गोव्यातील ताळगावात 21 ऑगस्टला भाताची पहिली कणसे कापून आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात; मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरमध्ये येणारा ‘आगेरा’ हा असाच सण. आपल्या जशपूरमधील उरांव कॅथलिकांची नवाखानीही त्याच कुळातली.

अशा चालींना कोणी जुन्या धर्माचे अवशेष म्हणतो, तर कोणी श्रद्धेतील भेसळ. दोन्ही मतांत शेतकरी मात्र हरवतो. पावसाची चिंता त्याला धर्मांतरापूर्वी होती, तशी नंतरही राहिली. कणीस हाती आल्यावर कृतज्ञता व्यक्त करण्याची रीत त्याने का टाकावी?

ती टाकावी, असा आग्रह धर्मसत्तेने धरून पाहिला. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 साली फर्मान काढून लग्नातील ओव्या, दारची तुळस, एवढेच नव्हे तर मीठ न घालता भात शिजविण्याची रीतही निषिद्ध ठरविली. या यादीइतका लोकधर्माचा दुसरा बोलका पुरावा क्वचितच सापडेल. अधिकाऱ्यांची नजर चुलीपर्यंत पोचली, कारण श्रद्धा तेथे नांदत होती, आणि ती बायकांच्या हाती होती. विशेष म्हणजे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले, ते मराठी ओवीतच. ग्रंथात जी ओवी चालली, ती मांडवात का चालू नये, याचे उत्तर फर्मानाने दिले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) उपासनेत लोकभाषेला मोकळी वाट दिली. घरांनी तोवर वाट पाहिली नव्हती.

ईस्ट इंडियन लग्नघरी आजही ‘उंबराचे पाणी’ आणतात. मंडळी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि त्या पाण्याने वराला किंवा वधूला न्हाऊ घालतात. शहर वाढले, पुष्कळ विहिरी बुजल्या, उंबरही गेले. तरी पाणी कोठूनही आणले, तरी ते उंबराचेच म्हणतात.