मोटारीचा मालक कोण?

मोटार विकली, पैसे पदरांत पडले आणि किल्ली खरेदीदाराच्या हातीं दिली म्हणजे तिचा व आपला संबंध संपला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अगदींच निराधार नाहीं. मोटार ही जंगम वस्तु आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें उभय पक्षांनीं ज्या क्षणीं मालकी बदलावयाची ठरविली असेल त्या क्षणीं ती बदलते; घराप्रमाणें येथें खरेदीखत नोंदवावें लागत नाहीं. मग परिवहन कचेरींतील नोंदीला एवढें महत्त्व कां?

सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें दिलेला एक निकाल ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. एका गृहस्थानें २००७ सालीं आपली मोटार विकली. पुढें ती हस्तेंपरहस्तें आणखी कांहीं जणांकडे गेली; परंतु नोंदणींतील नांव कोणींच बदललें नाहीं. मे २००९ मध्यें त्या मोटारीची धडक बसून एक मुलगा मरण पावला. भरपाईचा भार उच्च न्यायालयानें नंतरच्या एका खरेदीदारावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला, आणि ज्याचें नांव नोंदणींत होतें त्या मूळ विक्रेत्यासच जबाबदार धरलें. मोटार विकून त्याला तोंवर जवळजवळ दोन वर्षें झालीं होतीं! निकाल कठोर वाटेल. पण ज्या घरांतला मुलगा गेला त्या घरानें मोटार कोणाकोणाच्या हातांतून गेली ह्याचा माग काढीत हिंडावें काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत 'मालक' शब्दाची व्याख्याच अशी आहे कीं, ज्याच्या नांवें वाहन नोंदलेलें असेल तो मालक. कर्जानें किंवा भाडेखरेदीनें घेतलेल्या वाहनापुरता मात्र ज्याच्या ताब्यांत तें असेल तो मालक मानला जातो.

सारांश, सौद्यापुरता मालक एक आणि जबाबदारीपुरता मालक दुसरा, अशी स्थिति उत्पन्न होऊं शकते. ती टाळण्यासाठीं कायद्यानें मुदती घातल्या आहेत. वाहन त्याच राज्यांत राहणार असेल तर विक्रेत्यानें १४ दिवसांत, परराज्यांत जाणार असेल तर ४५ दिवसांत हस्तांतराची खबर द्यावयाची. खरेदीदारानें ३० दिवसांत. विक्रेत्याच्या खबरेसाठीं नमुना २९ आहे, नांव बदलण्याच्या अर्जासाठीं नमुना ३०. आपल्याकडे ह्या नमुन्यांवर कोऱ्याच सह्या करून ते दलालाच्या स्वाधीन करण्याची चाल पडली आहे. माझ्या मतें ही चाल निव्वळ आत्मघातकी आहे. खबर आपण स्वतः द्यावी, तिची पोंच जपून ठेवावी, आणि नवें नांव चढलें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. वाहनावर कर्ज असेल तर धनकोच्या लेखी संमतीवांचून नांव बदलत नाहीं. विम्याच्या पत्रावर नांव बदलण्यासाठीं खरेदीदारानें १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो.

आतां भागीची मालकी. दोघे भाऊ निम्मे-निम्मे पैसे घालून टेंपो घेतात. नोंदणीचा अर्ज कोणाच्या नांवें? ह्या कायद्याच्या ४१ व्या कलमांत म्हटलें आहे कीं, वाहन अनेकांच्या मालकीचें असेल तर सर्वांच्या वतीनें एकानें अर्ज करावा आणि कायद्याच्या कामापुरता तोच मालक समजावा. म्हणजे धाकट्याचा निम्मा पैसा नोंदणींत कोठेंच दिसत नाहीं, आणि थोरल्याच्या नांवावर मात्र टेंपोच्या साऱ्या बऱ्यावाईटाचा भार येतो. उद्यां दोघांचें बिनसलें तर धाकट्यानें काय दाखवावें? म्हणून कोणी किती रक्कम घातली, उत्पन्न व दुरुस्तीचा खर्च कसा वांटावयाचा, विकण्याची वेळ आल्यास दोघांची संमति लागेल कीं नाहीं, हें एका कागदावर लिहून दोघांनीं साक्षीदारांसमक्ष सह्या कराव्या. भावाभावांत कागद कशाला, असें घरांतील वडील माणसें म्हणतील. त्यांचा मान राखूनहि कागद करावाच.

मालक मरण पावल्यास वारसानें ३० दिवसांत कचेरीला कळवावें. तीन महिनेपर्यंत वाहन वापरतां येतें, व त्या मुदतींत नमुना ३१ भरून नांव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. २०२१ पासून नोंदणींतच नामनिर्देशन करण्याची सोयहि झाली आहे. त्यामुळें नांव चढविणें सुलभ होतें. परंतु इतर वारसांचे हिस्से वारसाहक्काच्या कायद्यानेंच ठरतात, हें विधवा आईच्या नांवें गाडी करून देणाऱ्या मुलांनीं व आईनेंहि ध्यानांत ठेवावें.